पिठावरचा पंजा

परवा बाजारात वाण्याने तूरडाळ तोलायला घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी काटा शून्यावर आण, मग पिशवी ठेव." वाणी चमकला. म्हणाला, "बाई, इतकी वर्षं येताय, कधी कमी दिलंय का?" मी ओशाळून हसले खरी, पण डाळ शून्यापासूनच तोलून घेतली. डाळीचा भाव ऐकून आधीच डोकं फिरलेलं होतं. घरी येताना लक्षात आलं की ते वाक्य मुळात माझं नव्हतंच. ते भागूकाकीचं.

पेणला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी ज्या आळीत खोल्या घेतल्या, तिथे भिंतीला भिंत लावून भागूकाकीचं घर होतं. समोर गणपतीचा कारखाना. त्यामुळे आळीत बारा महिने पांढरी धूळ असायची. पायऱ्यांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. काकीला त्या धुळीचाही संशय. दळण आणलं की चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून ती समोरच्या कारखान्याकडे रोखून बघायची. "पीठ पण पांढरं, ती पावडर पण पांढरी. मिसळली तर कोण वळखणार हाय?" म्हणून गिरणीत डबा ठेवून ती कधी घरी आली नाही. गिरणीच्या तोंडाशी उभी राहून शेवटची चिमूट पडेपर्यंत हलायची नाही. परत यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन.

उंच, काटकुळी बाई. नवरा लवकर गेला. तेव्हा बांगड्या उतरवल्या त्या उतरवल्याच. दोन्ही मनगटं मोकळी. उजव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली होती. लहानपणी बापाच्या दुकानात तिच्यावर लोखंडी वजन पडलं होतं म्हणे. बापाचं रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत किराणा मालाचं दुकान होतं, आणि काकीच्या सगळ्या स्वभावाचं मूळ त्या दुकानात होतं.

"मी दुकानदाराची लेक हाय," ती सांगायची. "तराजू तुम्ही पुढून बघता. मी मागून बघितलाय."

मी एकदा चाचरत विचारलं, "म्हणजे काकी, तुमचे वडील...?"

"माझा बाप देवमाणूस होता!" ती कडाडली. मग वाल सोलता सोलता हळूच म्हणाली, "पण बाजूचा दुकानदार पण गावाला देवमाणूसच वाटायचा गो."

तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा होती. साखर घेताना ती पुड्याचा कागद आधी तोलायला लावायची. तेलाची पिशवी उन्हात धरून बघायची. पाव किलोचा भाव विचारून मनातल्या मनात किलोचा करायची आणि दोन्ही जुळले नाहीत तर दुकानात भर गर्दीत जाब विचारायची. नवे आकडे दाखवणारे काटे आले तेव्हा मला वाटलं, आता हिचा जीव शांत होईल. उलटंच झालं. म्हणाली, "पूर्वी पारडं दिसत तरी होतं. आता आकडा मशीन सांगतंय, आणि मशीन कुणाचं? त्याचंच ना?"

गॅसचा सिलिंडर आला की आळीतली माणसं दारात येऊन उभी राहायची, कारण तमाशा फुकट होता. एकदा सिलिंडर आणणारा म्हणाला, काटा गाडीत राहिलाय. काकीने त्याला पायरीवर बसवून ठेवलं. तेवढ्यात आळीतून भंगारवाला चालला होता. काकीने त्याला हाक मारली आणि त्याच्या काट्याला सिलिंडर अडकवायला लावला. सगळे हसायला लागले. मी म्हटलं, "काकी, भंगारवाल्याचा काटा कुणी खरा मानतं का?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्याला माल घ्यायचा असतो, म्हणजे त्याचा काटा कमीच दाखवणार. त्याच्यावर भरला म्हणजे भरलाच."

सिलिंडर भरला. गॅसवाला सुटकेचा निःश्वास टाकून निघाला. काकी मात्र सिलिंडरकडे बघत उभीच. "वजन भरलं, ते बराबर," ती पुटपुटली, "पण आत गॅसच हाय कशावरनं?"

विजेचं तर विचारूच नका. आमच्या दोघींचे मीटर ओसरीत एकाच फळीवर शेजारी शेजारी होते. नवे मीटर बसले, त्यांत एक लाल दिवा लुकलुकायचा. काकीला तो दिवा आवडेना. "आम्ही गप्प बसलो तरी हा डोळे मिचकावतो," म्हणायची. बिल वाढलं तसा तिचा संशय पक्का झाला की कुणीतरी तिची लाईट खातंय. संध्याकाळचे तांदूळ ती पायरीवर, नगरपालिकेच्या दिव्याखाली बसून निवडायची. मुलाने, दिनेशने, हप्त्यावर फ्रीज घेतला होता. थंडीत तो बंद करून ही त्यात पोह्याचे पापड भरून ठेवायची.

एकदा संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते आणि माझी लाईट गेली. गेली असेल आळीची, म्हणून मी चाचपडत मेणबत्ती शोधत होते. बाहेर ओसरीत काकीचा आरडाओरडा सुरू झाला. "बघा! मी मेन बंद केलाय, तरी माझा मीटर चाललाय! आता धरला चोर!" आळी गोळा झाली. वायरमन आला. त्याने बॅटरी मारून बघितलं आणि काकीला म्हणाला, "आजी, तुम्ही बाईंचा मेन बंद केलाय."

सगळे पोट धरून हसले. काकीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मग तुझी लाईट गेली तवा तू ओरडली का नायस? तू गप्प, मला वाटलं, तूच."

या सगळ्याहून मोठी तिची सवय म्हणजे पिठाचा डबा. आमच्याकडे दोन वेळा तांदळाची भाकरी, तेव्हा पिठाचा डबा म्हणजे घराचं पोटच. दोन्ही वेळच्या भाकऱ्या झाल्या की काकी डब्यातलं पीठ हाताने सारखं करायची आणि त्यावर आपला उजवा पंजा दाबून ठेवायची. तीन बोटं, अंगठा आणि ती आत वळलेली करंगळी, सगळं स्पष्ट उमटायचं. बाप दुकान बंद करताना बेसनाच्या पिंपावर असाच पंजा दाबायचा, गड्याने हात घातला तर सकाळी कळावं म्हणून. काकीच्या घरात गडी नव्हता. होती ती सून.

सून सुमन, गागोद्याकडची. शेतकऱ्याघरची, धडधाकट, हसरी. हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या. ती घरात कुठे आहे ते भिंतीपलीकडून मला आवाजावर कळायचं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने तो पंजा बघितला आणि मला हळूच विचारलं, "बाई, पिठावर हात उठवतात, ही काय पूजा असते का हितली?" मी विषय बदलला. मग तिला आपोआप कळलंच. तोंड एवढंसं झालं तिचं. माझा फार संताप झाला होता तेव्हा काकीवर. घरात आलेल्या पोरीला चोर ठरवायचं म्हणजे काय!

काकीला मी तसं म्हणूनही दाखवलं. ती म्हणाली, "मी कुणाला चोर म्हणत नाय. मी नुसता हात ठेवते."

पण तिचा दुसरा एक हट्ट होता, आणि तो संशयापेक्षा कडक होता. कुणाच्या घरचं ती काही घेत नसे. मी शेजारीण, वाटीभर कालवण पाठवलं तर वाटी दुसऱ्या दिवशी भरूनच परत. सुमन माहेराहून परतली की काकी दारातच पिशवी उघडायला लावायची आणि पडवळ निघालं तर पडवळसुद्धा पुढच्या खेपेला परत धाडायची. हे कोडं मला रोह्याला गेले तेव्हा उलगडलं.

कुणाच्या तरी हळदीला ती अष्टमीला निघाली होती, मला सोबत घेऊन गेली. वाटेत भावाच्या दुकानात शिरली आणि मसुरी मागितली. भावाने तोलायला घेतली तशी ही म्हणाली, "काटा शून्यावर आण." भाऊ बिचारा पांढरा पडला. "ताई, माझ्यावर पण संशय? ने तशीच, पैसे नको देऊस." काकीने पैसे गल्ल्याशेजारी ठेवले, मसुरी उचलली आणि मागे न बघता बाहेर पडली.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत तिने सांगितलं. नवरा गेला तेव्हा भाऊ तांदूळ पाठवायचा. प्रेमाने पाठवायचा, त्यात खोट नव्हती. पण पुढे एका लग्नाच्या पंगतीत भावजय चार बायकांना म्हणाली, "दिनेश आमच्याच तांदळावर वाढला." काकी समोरच्या पानावर बसली होती.

"भात तोंडात होता," ती म्हणाली. "गिळता येईना, थुंकता येईना. तवाच ठरवलं. दुसऱ्याच्या घरचा दाणा माझ्या घरात नाय. नसलं तर उपाशी निजू."

हे ती रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी सावकाश बोलली.

आणि मग तशी वेळ खरंच आली. दिनेश डोलवीकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जायचा. ठेकेदाराचं काम संपलं, याचंही संपलं. रोज सकाळी डबा घेऊन काम शोधायला बाहेर पडायचा आणि दुपारी डबा तसाच घेऊन परत. त्याच वर्षी तांदूळ चढला, तेल चढलं, सिलिंडर तर बघता बघता कुठच्या कुठे गेला. काकीने गॅस फक्त चहापुरता ठेवला आणि परसात चूल मांडली. समोरच्या कारखान्यातून साच्यांच्या मोडक्या फळ्या आणायची जळणाला. त्याबदली त्यांचं अंगण झाडून द्यायची, फुकट नाही. मीटरवर तिने एक फडकं टांगलं. बिल त्याने कमी झालं नाही, पण तो दिवा तरी दिसेना.

भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू यायचं. काकी म्हणायची, "मला अर्धीच भाकरी वाढ, पित्त झालंय." पित्त महिनाभर उतरेना. मग सुमनलाही भूक लागेनाशी झाली. सुमनची लहानगी, काकीची नात, तेवढी खरं बोलायची. "आजी, मला अजून," म्हणायची, आणि मग नुसता भांड्यांचा आवाज यायचा. मला माझं ताट पुढ्यातून सरकवावंसं वाटायचं. पण द्यायची सोय नव्हती.

एक दिवस सुमन गागोद्याहून आली ती थेट माझ्याकडे. पदराखालून पिठाची पिशवी काढली. आईने घरच्या तांदळाचं दळून दिलं होतं.

"बाई, तुमच्या पलंगाखाली ठेवते. सासूबाई बाजारात गेल्या की थोडं थोडं डब्यात टाकीन. एकदम टाकलं तर कळंल."

"अगो, पण पंजा?" मी म्हटलं.

"तोच तर शिकायचाय."

माझ्याच परातीत तिने सराव केला. पीठ सारखं करायची, करंगळी आत मुडपायची, हात दाबायची, वाकून बघायची, पुन्हा पुसायची. तिचा हात लहान, म्हणून बोटं किंचित पुढे सरकवून दाबायची. शेवटी असा पंजा उमटला की मी म्हटलं, खुद्द काकी आली तरी फसेल. सुमन हसली, पण तिचे डोळे घाबरलेले होते. "त्यांना कळलं ना बाई, तर पीठ उकिरड्यावर जाईल आणि मी गागोद्याला. आणि ह्या पुन्हा पित्त झालं म्हणतील."

त्या दिवसापासून काकी दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडली की माझ्या मागच्या दारात बांगड्या वाजायच्या. पीठ सरलं की गागोद्याहून दुसरी पिशवी यायची.

थोड्याच दिवसांत काकी माझ्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "बाई, पीठ सरत नाय."

"बरंच झालं की," मी म्हटलं.

"बरं कसं? कमी झालं तर चोर धरता येतो. वाढलं तर कुणाला धरू?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती वाण्याच्या काट्याकडे बघायची. "भाकरी पण गोड लागतेय. माझा तांदूळ एवढा गोड नाय. तू टाकतेस?"

"शपथ, मी नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, म्हणून आवाज ठाम निघाला. पिशवी पलंगाखाली होती आणि काकीची नजर एकदा पलंगाकडे गेली असं मला वाटलं. मी जागची हलले नाही.

त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. ओसरीत समोरासमोर आलो तर मीटरवरचं फडकं नीट करायची आणि आत जायची. सुमनला माझ्या कानावर पडेल अशा आवाजात सांगायची, "त्या बाईवर ध्यान ठेव. तीच टाकत असणार. नायतर माझा भाऊ, कुणाच्या तरी हातून." जेवताना भाकरी तोडली की रोज करवादायची, "गोड हाय. काहीतरी घोळ हाय." पण भाकरी खायची. पित्त कधी उतरलं ते कुणाला कळलंही नाही. भिंतीपलीकडे नात "अजून" म्हणाली की वाढल्याचा आवाज यायचा, आणि ते माझ्या कानाला इतकं गोड लागायचं की काकीचा अबोला मी आनंदाने सोसला. सुमन आणि मी, दोघी मनातून खूश होतो. दुकानदाराच्या लेकीला आम्ही फसवलं होतं.

पुढे दिनेशला रोह्याला कंपनीत काम मिळालं. शिफ्टचं, पण पगार हातात येणारा. अष्टमीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी काकी रस्त्यात उभी राहून हमालांवर पहारा करत होती. एकेक भांडं वर चढेपर्यंत तिची नजर हलत नव्हती. पिठाचा डबा मात्र तिने कुणाच्या हातात दिला नाही. स्वतःच्या कडेवर घेऊन उभी. मी दारात होते. अबोला होता, पण माणूस जातंय म्हटल्यावर मला राहवेना. मी पुढे झाले आणि म्हटलं, "काकी, येत जा."

तिने आजूबाजूला बघितलं. सुमन आत झाडत होती, बांगड्या वाजत होत्या. काकी माझ्या अगदी जवळ आली.

"सुमीला एक सांग. आता नाय, मी मेल्यावर सांग," ती म्हणाली. "पिठावर हात दाबताना बांगड्या वर सारायच्या असतात."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. मोकळं मनगट. आणि एकदम माझ्या परातीतलं ते पीठ डोळ्यांपुढे आलं. करंगळी बघून बघून आम्ही दमलो होतो. पंजाखाली मनगटापाशी उठलेल्या त्या बारीक वळणांकडे दोघींपैकी एकीचंही लक्ष गेलं नव्हतं. बांगड्यांची सवय झालेल्या बायका आम्ही. आम्हाला ती हाताचाच भाग वाटली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिवशी."

"मग माझ्याशी का अबोला धरलात?"

"कुणावर तरी संशय घ्यायला नको? घेतला नसता तर तिला कळलं असतं, की मला कळलंय." तिने डबा दुसऱ्या कडेवर घेतला. "मी इचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं गो. पोर खोटं बोलणारी नाय. आणि खरं कानावर आलं असतं, तर मला ते खाता आलं नसतं. मग ती पण जेवली नसती."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो सोडवून घेतला आणि टेम्पोवाल्याकडे वळली. "काय रे, किलोमीटरचा आकडा बघून ठेवलाय मी. पेण ते अष्टमी, मधे कुठं वळसा घेतलास तर पैसे कापीन." आणि डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. टेम्पो वळेपर्यंत ती ड्रायव्हरच्या हातांकडेच बघत होती. काकीला मी पाहिलं ते शेवटचं.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी अष्टमीला जाऊन आले. दिवसकार्य उरकलं होतं. सुमन स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. तोच डबा, तीच परात. डब्यातल्या पिठावर पंजा नव्हता. म्हणाली, "दाबावासा वाटत नाय बाई. कुणासाठी दाबायचा?" मग मी तिला निरोप सांगितला. शब्द बदलले नाहीत.

ती हातातलं पीठ तसंच धरून बसली. मग स्वतःच्या मनगटांकडे बघितलं.

"म्हणजे बाई, रोज भाकरी तोडताना त्यांना ठाऊक होतं, माझ्या आईच्या घरचं हाय म्हणून?"

"हो."

"आणि तरी खाल्ली?"

"रोज खाल्ली."

तव्यावरची भाकरी करपत होती. सुमनने ती उलटली नाही. डावा हात तोंडावर धरून ती रडायला लागली, आणि तिच्या बांगड्या कितीतरी वेळ वाजत राहिल्या.